डचमनची खाण

25 ऑक्टोबर 1891 रोजी ॲरिझोनातल्या फिनिक्स गावात जेकब वॉल्ट्झ नावाचा एक जर्मन म्हातारा वारला. वय ऐंशीच्या आसपास. बायको नाही, मूलबाळ नाही. सॉल्ट नदीच्या काठी 160 एकर जमीन, कच्च्या विटांचं घर आणि थोड्या कोंबड्या, एवढाच त्याचा पसारा. त्या वर्षी फेब्रुवारीत नदीला असा पूर आला की घर बसलं, म्हातारा गारठला, आणि तब्येत जी ढासळली ती पुन्हा सावरली नाही. गावात बेकरी चालवणाऱ्या जूलिया थॉमस या बाईने त्याला आपल्या घरी आणून ठेवलं, त्याचं सगळं केलं. तिच्याच घरी त्याने प्राण सोडला. त्याच्या खाटेखाली मेणबत्त्यांचं एक लाकडी खोकं होतं आणि त्यात सोन्याने लडबडलेली गारगोटी होती, असं सांगतात.

ती गारगोटी आणली कुठून, या एका प्रश्नावर गेली सव्वाशेहून अधिक वर्षं माणसं डोंगरात जात आहेत. काही परत आलेली नाहीत. अमेरिकेत त्या काळी जर्मन माणसाला सरसकट ‘डचमन’ म्हणत, त्यामुळे ही खाण ‘लॉस्ट डचमन माइन’ म्हणून प्रसिद्ध झाली. अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडच्या वाळवंटात हरवलेल्या खाणींच्या गोष्टी पैशाला पासरी आहेत. कॅलिफोर्नियातल्या बोरेगो स्प्रिंग्ज या गावात तर पेगलेग स्मिथ या लाकडी पायाच्या माणसाच्या हरवलेल्या सोन्याच्या नावाने दर वर्षी थापा मारण्याची स्पर्धा भरते, आणि मला हा प्रकार फार प्रामाणिक वाटतो. पण डचमनच्या खाणीची सर कुणालाच नाही. ही दंतकथा कुणी, कधी आणि कशासाठी वाढवली याचे टप्पे बऱ्यापैकी हाताला लागतात, म्हणून तर ती तपासून बघण्यासारखी आहे.

आधी डोंगर. फिनिक्सच्या पूर्वेला साठेक किलोमीटरवर सपाट वाळवंटातून सुपरस्टिशन डोंगराचा पश्चिम कडा एकदम नऊशे मीटर वर उठतो. पायथ्याशी माणसाच्या पाचसहापट उंचीचे सग्वारो निवडुंग. संध्याकाळच्या उन्हात हा कडा तांबडालाल होतो, आणि त्याच्यामागे काहीतरी दडवलेलं असणार अशी शंका कुणालाही यावी असं त्याचं रूप आहे. मागे खरोखरच घळींचं जंजाळ आहे. एक घळ दुसरीत उतरते, दुसरी तिसरीत, आणि सगळ्या सारख्या दिसतात. पावसाळ्यात अर्ध्या तासाच्या सरीने कोरड्या ओढ्याला लोंढा येतो आणि खुणेचा दगड जागेवरून हलतो. उन्हाळ्यात तापमान चाळिशीच्या वर. या सगळ्याच्या मधोमध वीव्हर्स नीडल नावाचा एक सुळका आहे, पायथ्यापासून सुमारे तीनशे मीटर उंच. पॉलीन वीव्हर हा डोंगरदऱ्या धुंडाळणारा एक जुना वाटाड्या होता, त्याच्या नावावरून हे नाव पडलं. लांबून दिसणारी ही एकच भरवशाची खूण, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक नकाशात आणि प्रत्येक थापेत हा सुळका असतोच.

आता म्हातारा. वॉल्ट्झबद्दल कागदोपत्री जे मिळतं ते अगदी सरळ आहे. जन्म जर्मनीतल्या व्युर्टेम्बर्गचा. 1848 मध्ये मिसिसिपीतल्या नॅचेझ गावी त्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेण्याचा इरादा नोंदवला, 1861 मध्ये लॉस एंजेलिसला तो नागरिक झाला. 1863 च्या सुमारास प्रेस्कॉट भागात सोनं सापडल्याची हूल उठली तेव्हा हाही तिकडे गेला. ब्रॅडशॉ डोंगरातल्या खाणींच्या दाव्यांवर त्याचं नाव आहे. 1868 पासून मात्र तो सॉल्ट नदीकाठी शेतकरी झाला आणि मरेपर्यंत तिथेच राहिला.

या कागदांत सुपरस्टिशन डोंगर कुठेही नाही, आणि हेच मला सगळ्यात बोलकं वाटतं. दावा कसा नोंदवायचा हे वॉल्ट्झला ठाऊक होतं. ब्रॅडशॉमध्ये त्याने ते केलं होतं. चार खांब रोवायचे, नोटीस लावायची, कचेरीत नोंद करायची. 1872 च्या खाण कायद्याने हा हक्क आणखी पक्का केला. जिच्यातून खोकंभर सोनं निघालं ती खाण हा अनुभवी माणूस वीस वर्षं बिननोंदीची ठेवतो? खाणीच्या भक्तांकडे याला उत्तर आहे: नोंद केली की जागा उघड झाली, आणि डोंगरात अपाचे या मूळनिवासी जमातीची भीती. उत्तर अगदीच टाकाऊ नाही. पण 1880 च्या दशकाच्या शेवटी अपाचे युद्ध संपलं होतं, म्हातारा थकला होता, आणि तरीही नोंद नाही ती नाहीच.

तो गेल्यावर पुढच्याच उन्हाळ्यात जूलियाने बेकरी विकली, गाडी-घोडे घेतले आणि राइनहार्ट व हर्मन पेट्राश या दोन जर्मन भावांना बरोबर घेऊन डोंगर गाठला. राइनहार्ट म्हाताऱ्याच्या शेवटच्या दिवसांत घरात होता. म्हाताऱ्याने वाट सांगितली ती जूलिया आणि राइनहार्ट या दोघांना, असा त्यांचा दावा. ॲरिझोनाच्या ऐन उन्हाळ्यात काही आठवडे भटकून, पैसे संपवून तिघं हात हलवत परतली. 1892 च्या सप्टेंबरात फिनिक्सच्या वर्तमानपत्राने, हरवलेली खाण शोधणाऱ्या एका बाईची बातमी थोड्या कुचेष्टेनेच छापली. बाईवर कर्ज झालं. मग तिने वाटेचे नकाशे काढून विकले; एकेक सात डॉलरला, असं म्हणतात. मला जूलियाची दया येते. सगळ्या प्रकरणात म्हाताऱ्याची सेवा केलेली ती एकटीच, आणि पहिली बुडालीही तीच. पण या डोंगराच्या नकाशांचा बाजार तिच्यापासूनच सुरू झाला हेही खरं.

तिकडे डिक होम्स नावाचा दुसरा एक गडी सांगत होता की शेवटच्या रात्री म्हाताऱ्याने खरी वाट मला सांगितली, आणि खोकंही माझ्याच हवाली केलं. डिकनंतर त्याचा मुलगा ब्राउनी आयुष्यभर तीच वाट शोधत राहिला. एका मरणशय्येच्या या दोन हकिकती, दोन्ही वारसांनी छातीठोकपणे सांगितलेल्या, आणि दोन्हींतून खाण मिळाली नाही.

हे सगळं गावगप्पांतच विरलं असतं. ते छापलं पिअरपॉंट बिकनेल या हौशी लेखकाने. हरवलेल्या खाणींवर लिहिणं हा त्याचा उद्योगच होता. 13 जानेवारी 1895 च्या ‘सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल’मध्ये त्याने वॉल्ट्झची गोष्ट खुणांसकट दिली, आणि सुळका, घळ, घर या खुणा तेव्हापासून वाचकांच्या मालकीच्या झाल्या. पुढे प्रत्येक सांगणाऱ्याने त्यांत आपली एकेक घातली. त्यातली सगळ्यात लाडकी खूण म्हणजे दुपारी चार वाजता वीव्हर्स नीडलच्या टोकाची सावली जिथे पडते, तिथे खाण.

ही खूण एकदा गणिताने तपासू या, कारण हिच्यापायी लोकांनी आयुष्यं घालवली आहेत. हा डोंगर साधारण 33.4 अंश उत्तर अक्षांशावर आहे. सुळका तीनशे मीटर उंच आणि भोवतालची जमीन सपाट धरली, तर 21 जूनला सूर्याच्या चार वाजता तो क्षितिजाच्या 37 अंश वर असतो आणि सावलीचं टोक सुळक्यापासून सुमारे चारशे मीटरवर, जवळजवळ नीट पूर्वेला पडतं. 21 डिसेंबरला त्याच वेळी सूर्य साडेनऊ अंशांवर उतरलेला असतो आणि टोक जातं ईशान्येला, अठराशे मीटरवर. म्हणजे सहा महिन्यांत टोकाची दिशा चाळीसेक अंशांनी फिरते आणि अंतर साडेचार पट होतं. आणि चार वाजले ते कुणाच्या घड्याळात? 1883 मध्ये अमेरिकेच्या रेल्वे कंपन्यांनी प्रमाणवेळ आणली. या भागात घड्याळ आणि सूर्य यांच्यात त्यामुळे पंचवीस मिनिटांचा फरक पडतो. डिसेंबरात एवढ्यानेच टोक अर्धा किलोमीटर सरकतं. जमीन तर सपाट नाहीच, सगळे कडे आणि घळी, तेव्हा सावली मोडत-वाकत पडते. तारीख नसलेली सावलीची खूण म्हणजे अख्ख्या डोंगराचा एक मोठा तुकडाच. ती चुकीची ठरवता येत नाही, आणि म्हणून ती टिकली.

खाण मुळात कुणाची, याचंही उत्तर दंतकथेत तयार आहे. मेक्सिकोतल्या सोनोराचं पेराल्टा नावाचं श्रीमंत घराणं या डोंगरातून सोनं काढायचं. 1840 च्या दशकात शेवटचा मोठा तांडा सोनं लादून निघाला असताना अपाचेंनी त्यांची कत्तल केली, खाणी बुजवल्या, आणि पुढे कधीतरी वॉल्ट्झला एका पेराल्टाकडून जागा कळली. या कत्तलीचा ना मेक्सिकोच्या दप्तरात पत्ता, ना अमेरिकेच्या. मग हे नाव आलं कुठून?

माझा संशय असा. 1883 मध्ये जेम्स ॲडिसन रीव्हिस या इसमाने ॲरिझोनाच्या जमीन कचेरीत एक दावा ठोकला. स्पेनच्या राजाने डॉन मिगेल दे पेराल्टा याला अठराव्या शतकात एक अवाढव्य इनाम दिलं होतं आणि त्याचे हक्क आता आपल्याकडे आहेत, असा हा दावा. क्षेत्र साधारण 18 हजार चौरस मैल. फिनिक्स त्यात, सुपरस्टिशन त्यात, सगळ्या खाणीही त्यात. कागद सगळे बनावट, स्वतः मेक्सिको आणि स्पेनच्या दप्तरखान्यांत बसून घुसडलेले. पण लोक इतके घाबरले की सदर्न पॅसिफिक रेल्वेने त्याला 50 हजार डॉलर दिले, सुपरस्टिशनच्या जवळच्या सिल्व्हर किंग या चांदीच्या खाणीने 25 हजार. घरटी शेतकऱ्यांनी आपलीच जमीन राखायला त्याला पैसे मोजले. एका अनाथ मुलीला त्याने पेराल्टांची वारस म्हणून उभी केली आणि तिच्याशीच लग्न लावलं. 1895 मध्ये सांता फेच्या न्यायालयात हे बिंग फुटलं आणि पुढे रीव्हिसला दोन वर्षांची कैद झाली. म्हणजे ज्या वर्षी बिकनेलने वॉल्ट्झची गोष्ट छापली, त्याच वर्षी पेराल्टा हे नाव साऱ्या नैर्ऋत्य अमेरिकेच्या वर्तमानपत्रांत गाजत होतं. डोंगराच्या जुन्या श्रीमंत मालकाला एक स्पॅनिश नाव हवंच होतं, आणि तयार नाव समोर होतं. रीव्हिसचा पेराल्टा कोर्टात मेला, खाणीच्या गोष्टीत मात्र तो अजून जिवंत आहे.

तरीही 1930 पर्यंत ही ॲरिझोनापुरतीच गोष्ट होती. ती देशभर नेली एका कवटीने. अडॉल्फ रूथ हा वॉशिंग्टनमधला निवृत्त सरकारी कर्मचारी. साठी उलटलेली, हाड मोडून सांधलेलं, त्यामुळे चालताना लंगडायचा. आणि हाड मोडलं होतं तेही कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात अशीच दुसरी खाण शोधताना. मुलाने मेक्सिकोतून आणलेले जुने नकाशे खिशात घालून तो जून 1931 मध्ये सुपरस्टिशनच्या पायथ्याला टेक्स बार्कली याच्या गुरांच्या वाड्यावर पोचला. बार्कली बाहेरगावी होता. म्हाताऱ्याला दम निघेना. दोन गड्यांनी त्याला खेचरांवरून आत नेलं, पाण्याजवळ तंबू ठोकून दिला आणि ते परतले. बार्कली आल्यावर हे कळताच तो तडक आत गेला. तंबू जागेवर होता, म्हातारा नव्हता.

डिसेंबरात ‘ॲरिझोना रिपब्लिक’ या वर्तमानपत्राने काढलेल्या मोहिमेला कवटी सापडली. तिला दोन भोकं होती. वॉशिंग्टनला स्मिथसोनियन संस्थेत मानववंशशास्त्रज्ञ आलेश हर्डलिचका यांनी ती तपासली आणि भोकं बहुधा बंदुकीच्या गोळीची असावीत असं मत दिलं. जानेवारीत बाकीची हाडं जवळपास सव्वा किलोमीटर दूर मिळाली. वस्तूंमध्ये चेकबुक होतं आणि त्यात दिशा लिहिलेला कागद, शेवटी सीझरचं प्रसिद्ध लॅटिन वाक्य: आलो, पाहिलं, जिंकलं. इतकं असूनही स्थानिक पोलिसांनी खुनाचा गुन्हा काही नोंदवला नाही. त्यांच्या मते लंगडा म्हातारा जूनच्या उन्हात पाण्यावाचून मेला, आणि कवटी जनावरांनी ओढून नेली. दोहोंपैकी काहीही असो, कवटी, गोळी, नकाशा आणि लॅटिन हे चारही एका बातमीत आल्यावर वर्तमानपत्रांना आणखी काय हवं? मंदीचे दिवस होते. बेकार माणसांच्या झुंडी फावडी घेऊन ॲरिझोनाकडे निघाल्या. पुढे पुस्तकं आली, 1949 मध्ये ‘लस्ट फॉर गोल्ड’ हा सिनेमा आला, त्यात ग्लेन फोर्ड वॉल्ट्झ झाला.

त्याच 1931 सालच्या जानेवारीत, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागातल्या पीटरमन डोंगररांगेत हॅरॉल्ड लॅसेटर हा माणूस भुकेने मेला. तरुणपणी वाळवंटात आपण मैलोन् मैल लांब सोन्याची शीर पाहिली, असं त्याने सिडनीतल्या लोकांना पटवलं. कंपनी उभी राहिली, ट्रक आले, विमानही आलं. बाकीचे परत फिरल्यावर हा उंट घेऊन पुढे गेला, उंट पळाले, आणि डायरी पुरून तो मेला. त्याच वर्षी आयन इड्रीस या लेखकाचं त्याच्यावरचं पुस्तक निघालं आणि धडाधड खपलं. लॅसेटरची शीर आजही लोक शोधतात. मंदीत अशा गोष्टींना ऊत यावा यात नवल नाही.

न्यू मेक्सिकोतल्या व्हिक्टोरियो पीकची गोष्ट मात्र वेगळ्या कारणाने सांगण्यासारखी आहे. 1937 मध्ये डॉक नॉस याने दावा केला की या डोंगराच्या पोटात गुहा आहे, गुहेत सांगाडे आणि सोन्याच्या विटांच्या थप्प्या आहेत. विटा कुठे आहेत? बाहेर काढून लपवल्या. विकल्या का नाहीत? कारण 1933 च्या हुकमाने अमेरिकेत खाजगी माणसाला सोनं बाळगायला बंदी होती. केवढी सोय! गुप्तधनाच्या प्रत्येक गोष्टीला एका गोष्टीची फार गरज असते: ते कुणीच का पाहिलेलं नाही, याचं पटेलसं कारण. कुठे शाप लागतो, कुठे नाग, कुठे अपाचे. इथे खुद्द सरकारी कायद्यानेच ते काम केलं. 1939 मध्ये वाट रुंद करायला नॉसने सुरुंग लावला आणि वाट कायमची बुजली. 1949 मध्ये भागीदाराने त्याला गोळी घातली. मग तो डोंगर लष्कराच्या क्षेपणास्त्र चाचणीच्या हद्दीत गेला, म्हणजे कुलूपच लागलं. 1977 मध्ये पत्रकारांच्या देखत लष्कराच्या परवानगीने शोध झाला. काही निघालं नाही. लोकांनी निष्कर्ष काढला की लष्कराने आधीच नेलं.

सुपरस्टिशनकडे परत येऊ. सोनं त्या डोंगरात असू शकतं का? डोंगराचा बराचसा भाग अडीच ते दीड कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखींनी ओकलेल्या राखेचा आहे. राख तापून, दबून तिचा टणक दगड झाला. वीव्हर्स नीडल त्याच थराचा झिजून उरलेला खांब आहे. सोन्याची शीर जमते ती खोल भेगांतून गरम पाणी फिरतं तिथे. पाणी सिलिका आणि सोनं आणतं, गार होताना गारगोटीत ते सोडून जातं. ज्वालामुखीच्या खडकातही असं होतं, नेव्हाडात झालं आहे. पण इथे झाल्याच्या खुणा फार थोड्या आहेत. सोनं आहे ते डोंगराच्या पश्चिम पायथ्याला, राखेखालच्या कितीतरी जुन्या ग्रॅनाइटमध्ये. तिथे 1892-93 मध्ये, म्हणजे जूलिया आत उन्हात करपत होती जवळजवळ त्याच वेळी, सोनं सापडलं. मॅमथ खाण निघाली, गोल्डफिल्ड गाव वसलं, दारूचे गुत्ते, शाळा, सगळं आलं, आणि पाचसहा वर्षांत शीर संपताच गाव ओस पडलं. आता तिथे पर्यटकांसाठी जुन्या गावाचा देखावा उभारला आहे.

आणि खाण म्हणजे नुसतं भोक नव्हे. सोन्याची खाण चालवायची तर शेकडो टन दगड फोडावा लागतो. निरुपयोगी दगडाचे ढीग तोंडाशी साठतात, उतारावरून ओघळतात, शंभर वर्षांनीही लांबून दिसतात. मेक्सिकन खाणकामगार दगड दळायला आरास्त्रा वापरत. आपल्या तेलघाण्यासारखी खेचर फिरवून चालणारी ही दगडी चक्की. तिची फरसबंदी गोल जमिनीवर राहते. लाकूड तोडलेलं दिसतं, वाटा दिसतात. घराणं पिढ्यान् पिढ्या सोनं काढत होतं आणि मागे काहीच राहिलं नाही? यावर भक्त 3 मे 1887 च्या सोनोरा भूकंपाकडे बोट दाखवतात. भूकंप खरा, मोठा होता, ॲरिझोनात जाणवला, दरडी कोसळल्या. पण खाणीचं तोंड, ढीग, चक्क्या आणि वाटा एकाच दमात नेमक्या पुसणारा भूकंप जरा जास्तच समजूतदार म्हणायला हवा.

मग खोक्यातली गारगोटी? ती होती असं मी मानायला तयार आहे, आणि तिचा एक साधा उलगडा जुन्या खाणवाल्यांमध्ये पहिल्यापासून चालत आला आहे. फिनिक्सच्या वायव्येला विकेनबर्गजवळ व्हल्चर खाण होती, ॲरिझोनातली सोन्याची सगळ्यात मोठी. 1863 मध्ये हेन्री विकेनबर्गला ती मिळाली, आणि तिच्या आयुष्यात सुमारे 3 लाख 40 हजार औंस सोनं निघालं. तिथे मजुरांची चोरी हा नित्याचा प्रकार होता. शिरेत सोन्याने गच्च भरलेला तुकडा दिसला की तो डब्यात, बुटात, सदऱ्याच्या आत. पण चोरलेली गारगोटी विकताना सोनाराने विचारलं, कुठली? तर उत्तर हवं. “माझी एक खाण आहे, डोंगरात, जागा सांगत नाही.” याहून सोयीचं उत्तर कोणतं? वॉल्ट्झ चोर होता याचा पुरावा नाही आणि मी त्याला चोर ठरवत नाही. एखाद्याकडून त्याने ती विकतही घेतली असेल. पण दोनचार किलो उत्तम गारगोटी कुणाकडे असणं, आणि त्याच्याकडे खाण असणं, या दोहोंत फार अंतर आहे.

1949 मध्ये पायथ्याजवळ एका प्रवाशाला कोरीव दगड मिळाले. त्यांवर घोडा, खाचेत बसणारं काढता येण्याजोगं हृदय, 1847 हे साल, आणि स्पॅनिशमधल्या ढोबळ चुका. ‘लाइफ’ मासिकाने 1964 मध्ये त्यांची चित्रं छापली आणि पेराल्टा दगड म्हणून ते जगभर गाजले. पैसेवाल्या स्पॅनिश घराण्याला आपली भाषा लिहिता येत नव्हती, असं मानायचं असेल तर माना.

आता कायदा. 1983 सालच्या 31 डिसेंबरच्या मध्यरात्री सुपरस्टिशनच्या संरक्षित वनक्षेत्रात नवीन खाणदावे बंद झाले. त्याआधी भूगर्भ खात्याने पाहणी केली आणि बहुतेक भागात खनिजाची आशा कमी असल्याचं नोंदवलं. आता सुमारे 1 लाख 60 हजार एकरांत सोनं मिळालंच तरी त्यावर खाण काढता येत नाही. पुरलेला खजिना खणायला वनखात्याचा वेगळा परवाना लागतो. (आपल्याकडेही 1878 चा निखात निधी कायदा आहे, जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. दहा रुपयांची ती मर्यादा ब्रिटिशांच्या वेळची.) बंदीने शोध थांबला नाही. आता न सापडण्याचं आणखी एक कारण मिळालं, इतकंच.

जुलै 2010 मध्ये युटा राज्यातून तीन मित्र ही खाण शोधायला आत गेले आणि सहा महिन्यांनी त्यांचे अवशेष मिळाले. त्याआधी 2009 च्या डिसेंबरात एक तरुण एकटाच गेला होता. तो 2012 मध्ये एका कपारीत सापडला. वर्तमानपत्रांनी दोन्ही वेळा शापाची आठवण काढली. जुलैत त्या घळीत दिवसाला सातआठ लिटर पाणी लागतं आणि ते पाठीवर वाहायचं असतं, ही बाब शापापेक्षा बातमीत ठेवण्यासारखी होती.

त्या भागातला खरा पुरलेला ठेवा तर नकाशावर छापलेला आहे. डोंगराच्या आग्नेयेला सुपीरियर हे जुनं खाणगाव आहे. तिथे 1995 मध्ये भोकं पाडताना दोन किलोमीटरहून खोल तांब्याचा प्रचंड साठा लागला, जगातल्या अजून न काढलेल्या सगळ्यात मोठ्या साठ्यांपैकी एक. रिओ टिंटो आणि बीएचपी या कंपन्यांना तो काढायचा आहे. तो काढला की वरची जमीन खचून सुमारे तीन किलोमीटर रुंद आणि तीनशे मीटर खोल खड्डा पडेल. त्या जमिनीला ओक फ्लॅट म्हणतात, आणि ते अपाचेंचं पूजास्थळ आहे. मुली वयात येताना तिथे विधी होतात. दंतकथेतले अपाचे डोंगरातल्या सोन्यासाठी माणसं मारतात. प्रत्यक्षातल्या अपाचेंनी 2021 मध्ये खटला भरला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. मे 2025 मध्ये न्यायालयाने तो ऐकायला नकार दिला. नऊपैकी दोन न्यायमूर्तींचं मत होतं की तो ऐकायला हवा होता.